डब्यावरची शेवंती

माझं डोकं कशानं दुखायचं आणि कशानं थांबलं, हे मला कुणी विचारू नये. तरी विचारतात. स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. अर्धशिशी म्हटलं की समोरच्याला एकदम उत्साह येतो. प्रत्येकाच्या घरात एक मावशी नाहीतर चुलती असते, तिचं असंच अर्धं डोकं दुखायचं आणि ते अमुक एका गोष्टीनं कायमचं राहिलेलं असतं. मी आता नुसती मान हलवते. कारण माझी गोष्ट सांगायला बसले की मीच त्यात गुरफटते आणि तोवर बाईंचा स्टॉप येतो.

लग्न होऊन मी नाशिकला आले ती नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. माहेर लासलगावचं. वडील तिथल्या एका अडत्याकडे कामाला होते, त्यामुळे माझं बालपण कांद्याच्या वासात गेलं आणि त्या वासानं माझं कधी काही बिघडलं नाही. सासर मखमलाबादच्या पुढे मळ्यात, फुलांचं. पुढच्या वावरात झेंडू, पलीकडे शेवंती, आणि घराच्या मागे, आमच्या खोलीच्या खिडकीला अगदी खेटून, गुलछडी. शहरातली माणसं तिला निशिगंध म्हणतात आणि तिच्या वासावर लट्टू होतात. त्यांच्या खिडकीखाली तिचा वाफा नसतो.

उजाडायच्या आत फुलं तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ती बाजारात न्यायची, असा घराचा नेम होता. सासूबाईंना मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायचे. त्या सगळ्यांच्या आधी वावरात असायच्या. कपाळावर एक जुना रुमाल करकचून बांधलेला, त्यावर पदर. दव लागू नये म्हणून, असं त्या म्हणायच्या. मी शहरातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायला जात होते, पण शाळेच्या आधी तोडणीला हात लावायचाच. कुणी सक्ती केली नव्हती. नव्या सुनेला ते न सांगता कळतं.

डोकं पहिल्यांदा उठलं ते लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला. फुलशेतीच्या घरात दसऱ्याला आजारी पडायची कुणाला परवानगी नसते. ओसरीत झेंडूचा ढीग छताकडे चाललेला, घरातलं लहानथोर माणूस कामाला जुंपलेलं, आणि मी आतल्या खोलीत डोक्यावर ओलं फडकं घेऊन पडलेली. डाव्या डोळ्याच्या मागे कुणीतरी मुसळ घेऊन बसलं होतं. दाराच्या फटीतून येणारा उजेडसुद्धा सहन होत नव्हता. उलटी झाली तसं बाहेर बायकांच्या चेहऱ्यावर हसू आलं, कारण त्यांना वाटलं गोड बातमी आहे. तसं काही नव्हतं. त्यांची निराशा झाली आणि मला उगाचच त्यांची माफी मागावीशी वाटली.

मग ते वरचेवर होऊ लागलं. लासलगावला गेले की मात्र डोकं एकदम शहाण्यासारखं वागायचं. आमचे हे चेष्टा करायचे की आजार डोक्याचा नाहीच, सासरचा आहे. मीही हसायचे. पण हळूहळू मला त्या चेष्टेची धास्ती वाटायला लागली, कारण माझ्या मनात एक शब्द येऊन बसला होता आणि तो मी तोंडातून काढू शकत नव्हते. फुलं. फुलांच्या वासानं माझं डोकं दुखत असलं तर?

हे बोलायची सोय नव्हती. आमच्या शेजारच्या मळ्यातली एक सून फुलांचा वास सोसत नाही म्हणाली होती. तिला आरामासाठी माहेरी पाठवलं. पुढे तिला आणायला कोणी गेलंच नाही. तिची गोष्ट बायका तोडणी करताना अगदी सहज सांगायच्या, एखादं रोप लागलं नाही म्हणून सांगावं तशी. आणि मला तर हे घर सोडायचं नव्हतं. मला नवरा आवडत होता, शाळा आवडत होती, एवढंच काय, आत्याबाईही आवडत होत्या, जरी त्या दिवसाला चार वाक्यांच्या वर बोलत नसत.

त्यामुळे जेव्हा कुणीतरी म्हणालं की हिच्या अंगात काहीतरी कमी आहे, तेव्हा मला कोण आनंद झाला. कमी आहे म्हणजे भरता येतं. गोळीनं भरा, पाल्यानं भरा, चाटणानं भरा. दोष माझ्या रक्तात असला म्हणजे फुलांवर आळ येत नव्हता. घरातल्या सगळ्यांनाही ते बरं वाटलं असावं, कारण प्रत्येकजण हौसेनं माझ्यात काहीतरी भरायला लागला.

सुरुवात जिलेबीनं झाली. सूर्य उगवायच्या आत, पूर्वेकडे तोंड करून, दुधाबरोबर जिलेबी खायची. हा उपाय मामांचा. जिलेबी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी लागे आणि पहाटेपर्यंत तिचा पार चिवट दोरा झालेला असे. सगळे तोडणीला वाकलेले आणि मी बांधावर उभी राहून जिलेबी चघळतेय, हे दृश्य येणारी जाणारी माणसं सायकल थांबवून बघायची. डोकं कधी राहायचं, कधी नाही. राहिलं की जिलेबीला श्रेय, नाही राहिलं की तोंड नीट पूर्वेला नव्हतं. त्यानंतर ब्राह्मीचा पाक आला, भिजवलेले बदाम आले, नाकात कोमट तूप आलं. प्रत्येकानं थोडे दिवस गुण दिल्यासारखं केलं आणि मग पाठ फिरवली. मला तर वाटायला लागलं की माझं डोकं पाहुण्यांचा मान ठेवतं. नवीन कुणी आलं की दोन दिवस गप्प बसतं.

मग त्या बाई आल्या. तेव्हा नाशिकमध्ये घरोघर बायका एकमेकींना परदेशी गोळ्या-पावडरी विकायला लागल्या होत्या. एकीनं दोघींना विकायचं, त्या दोघींनी आणखी चौघींना. या बाई माझ्या नणंदेच्या ओळखीच्या, कॉलेज रोडला राहणाऱ्या, फार गोड बोलणाऱ्या. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून ओट्यावर ठेवला. परदेशातली वनस्पती आहे, फीव्हरफ्यू नाव, अर्धशिशी होऊच नये म्हणून रोज घ्यायची, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, नावात फीव्हर आहे तर ही तापावर नाही ना? त्यांनी माहितीचा कागद उलटसुलट केला आणि नाही म्हणाल्या. पण तेवढ्यात आत्याबाईंनी डबा हातात घेतला होता. त्यांना अक्षरं लागत नव्हती, पण डब्यावर चित्र होतं. बारीक कातरलेली पानं, पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळी टिकली. त्यांनी ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं.

"ही शेवंती हाय," त्या म्हणाल्या.

बाई हसल्या. पण कागदावर खरंच लिहिलेलं होतं की ही वनस्पती शेवंतीच्या कुळातली. बाईंनी ते प्रामाणिकपणे वाचून दाखवलं आणि तिथेच त्यांचा सौदा बुडाला. दारात एवढी शेवंती उभी असताना परदेशातून आणलेली वाळकी शेवंती विकत घ्यायची, हे आमच्या घरात कुणाला पटणं शक्य नव्हतं. मलाही पटलं नाही. मी डीएड झालेली बाई. एका कुळातली म्हणजे एकच नव्हे, हे मी मुलांना शिकवायचे. बटाटा आणि धोतरा एका कुळातले, असं फळ्यावर लिहायचे. पण त्या दिवशी मला ते आठवलं नाही, कारण मला आठवायचं नव्हतं. शेवंतीनं माझं डोकं बरं केलं असतं तर फुलं निर्दोष सुटली असती, आणि त्यांच्याबरोबर मीही.

अडचण एकच होती. वावरातल्या शेवंतीवर फवारणी व्हायची. ते औषध आपल्या पोटात जायला नको, एवढी अक्कल घरात होती. म्हणून आत्याबाईंनी कडेची एक सरी न फवारता माझ्यासाठी राखली. मामा कुरकुरले, पण सुनेच्या औषधाचं म्हटल्यावर गप्प बसले. मी रोज त्या सरीतली कोवळी पानं खुडायची, मीठ-मिरची घालून वाटायची आणि भाकरीबरोबर खायची. इतकं कडू मी आयुष्यात दुसरं खाल्लं नाही. चहावर तर ते अजिबात बसत नव्हतं, म्हणून चहा सोडला. तोंड आलं. जिभेवर फोड उठले, वर्गात मुलांना बे एके बे सांगताना डोळ्यांत पाणी यायचं. आणि त्या राखलेल्या सरीवर मावा पडला. काळा, चिकट, काडीकाडीवर. तो शेजारच्या सरींवर चढला आणि मामांनी फवारणीचा पंप पाठीवर घेतला तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पण त्या दिवसांत डोकं कमी दुखलं. हे नाकारता येत नाही. फक्त त्याच दिवसांत मी चहा सोडला होता, पंचमीला लासलगावला राहून आले होते आणि शाळेच्या घटक चाचण्या संपल्या होत्या. आता यातलं कोण खरं? मी स्वतःशी वाद घालायचे. शेवंतीच म्हणावं तर लासलगाव मध्ये येत होतं. लासलगाव म्हणावं तर पुन्हा तो शब्द, फुलं, जिभेवर यायचा. जीभ आधीच सोलवटलेली होती.

शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेले. शेवंतीची चटणी ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग जरा कडक आवाजात म्हणाले की असलं काही पुन्हा पोटात घालायचं नाही. त्यांनी मॅग्नेशियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि ब जीवनसत्त्वाची एक पिवळी गोळी. काही जणांना यानं दुखणं कमी होतं, काहींना होत नाही, आणि कळायला दोन-तीन महिने लागतात, असं सांगितलं. मी धीर करून विचारलं, फुलांच्या वासानं असं होऊ शकतं का? ते म्हणाले होऊ शकतं. मग म्हणाले, नाहीही होऊ शकत. एवढं ऐकायला मी रजा टाकून गेले होते.

ते उन्हाळ्याच्या तोंडाचे दिवस होते. मी गोळ्या सुरू केल्या आणि त्याच सुमारास आत्याबाईंनी घरामागची गुलछडी काढायला घेतली. मुळांना गाठी झाल्यात, म्हणाल्या. वाफा दुसऱ्याच वर्षाचा होता, अजून फुलं देणारा, पण मुळांना गाठींचा रोग लागला की शेतकरी वाद घालत नाही. मामांनी मान डोलावली. कंद निघाले, जागा खणून झाली आणि तिथे मेथी-कोथिंबीर लागली. मी लक्षही दिलं नाही. माझं सगळं लक्ष गोळीकडे होतं.

आणि पावसाळा आला, श्रावण गेला, गणपती गेले, डोकं उठलं नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण एखाद्या लांबच्या नातेवाइकासारखं, कधीतरी, थोडा वेळ. त्या वर्षी दसऱ्याला मी ओसरीत बसून झेंडूच्या माळा ओवल्या आणि मला रडू आलं. मी जिंकले होते. अंगात कमी होतं ते भरलं होतं, फुलांचा काही संबंध नव्हता, मी या घरचीच होते. मी इतकी हुरळले की भेटेल त्याला मॅग्नेशियम सांगत सुटले. शाळेतल्या एका बाईंना तर मीच दुकानात नेऊन गोळ्या घेऊन दिल्या. त्यांना जुलाब झाले आणि डोकं होतं तसंच राहिलं. तरी माझा विश्वास हलला नाही. मी म्हणाले, तुम्ही नीट घेत नसाल.

काही वर्षं अशी बरी गेली. मग एका नवरात्रात कालव्यापलीकडच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले. त्यांच्या अंगणात गुलछडी मातली होती. काकूंनी हातभर गजरा माझ्या केसांत माळला आणि सहज म्हणाल्या, तुमच्या आत्याबाईंनी दिलेले कंद, बघा कसे धरलेत, एकही वाया गेला नाही.

मी हो म्हणाले, ओटी घेतली आणि बाहेर पडले. कालव्याच्या कडेनं चालताना मी हिशोब मांडला. गाठी झालेले कंद कुणी शेजाऱ्याला देत नाही. दिले तर ते असे फुलत नाहीत. म्हणजे गाठी नव्हत्या. म्हणजे आत्याबाईंना तो शब्द माहीत होता. मी जो इतकी वर्षं गिळत होते, तोच.

मला राग आला. कशाचा ते नीट सांगता येत नाही. मी ठरवलं की आता काय तो सोक्षमोक्ष होऊ दे, आणि तो गजरा डोक्यात ठेवून संध्याकाळभर वावरले. काही झालं नाही. डोकं मजेत होतं. म्हणजे फुलं नव्हती? मग दोन दिवसांनी शाळेत, जिथे कागदी फुलाशिवाय फूल नाही तिथे, खडू शोधायला कपाटात वाकले आणि डोळ्यामागे मुसळ सुरू झालं, जुन्या जोरानं. पण माझे नवरात्राचे उपास चालू होते. उपाशीपोटी नको म्हणून मी त्या आठवड्यात गोळ्याही घेतल्या नव्हत्या. म्हणजे उपासानं? की गोळी नसल्यानं? की गजऱ्याचाच वास दोन दिवस दबा धरून बसला होता? मला काहीच कळेना. इतक्या वर्षांच्या उपायांनंतर मी जिथून निघाले तिथेच उभी होते.

त्या दिवशी शाळेतून लवकर आले. आत्याबाई ओसरीत बसून झेंडू निवडत होत्या, कळ्या एकीकडे, उमललेली एकीकडे. मी समोर बसले आणि हात चालवायला लागले. अर्धी पाटी निवडून झाल्यावर विचारलं, "आत्याबाई, गुलछडीला गाठी नव्हत्या ना?"

"नव्हत्या," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही.

"मग काढली कशाला?"

"तुला दुखायचं ना."

"पण फुलांनीच दुखतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. मला तरी कुठं ठाऊक हाय?" त्यांनी एक किडकं फूल बाजूला टाकलं. "तू गोळी घेतली, म्या कंद काढले. दोन्हीतनं ज्याचा गुण यायचा तो यावा. पण फुलानं सुनेचं डोकं दुखतंय असं या घरात बोलायचं नसतं, पोरी. गाठी झाल्या म्हटलं की गडीमाणसं गप बसतात."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग त्याच, खाली बघत, म्हणाल्या, "माझं बी दुखायचं. तुझ्यापरीस लय."

मी एकदम सावरून बसले. एसटीतल्या त्या बाईसारखा उत्साह माझ्या अंगात आला. माझ्याच घरात, माझ्यासमोर, उत्तर बसलं होतं.

"मग कशानं राहिलं?"

आत्याबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

"राहिलं असं कोण म्हणलं?"

ऊन अजून ओसरीत होतं. दवाचा कुठे पत्ता नव्हता. आणि त्यांच्या कपाळावर तो रुमाल होता, करकचून बांधलेला, दोन्ही कानशिलांवर त्याचे वळ उठलेले. मी लग्न होऊन आल्यापासून तो पाहत होते. मी डोक्याला ओलं फडकं लावून आत पडायचे आणि या बाई हे बांधून दव लागतंय म्हणत वावरात वाकायच्या. मला माझ्या दुखण्याचं इतकं कौतुक होतं की मी दुसरं डोकं कधी बघितलंच नाही. त्यांनी कंद माझ्यासाठी काढले की स्वतःसाठी, की इतक्या वर्षांनी दोघींपुरतं एक कारण सापडलं म्हणून, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. त्यांनाही कदाचित सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात, ऐन दसऱ्याच्या तोंडावर, मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. मामांना सांगितलं की आत्याबाईंच्या डोळ्यांना त्रास होतोय. गडीमाणसं गप्प बसली. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, बीपी पाहिलं, काही तपासण्या केल्या आणि माझ्याच गोळ्या त्यांनाही लिहून दिल्या. गुण येईल, किंवा येणार नाही, दोन-तीन महिने बघा, म्हणाले. या खेपेला मला त्यांचा राग आला नाही.

दसऱ्याला उपास सुटून जेवणं झाल्यावर मी दोन पेले पाणी भरलं, एक त्यांच्यापुढे ठेवलं आणि गोळ्यांचा डबा उघडला. आत्याबाईंनी तो आधी माझ्या हातातून काढून घेतला. लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, फिरवून मागून पाहिला.

"ह्याच्यावर कुठलं फूल नाय ना?" त्यांनी विचारलं.

नाही म्हटलं. मग त्यांनी कपाळावरचा रुमाल सोडला, घडी करून मांडीवर ठेवला आणि गोळीसाठी हात पुढे केला.